खिशातले टिकाऊ अवजार कोणते घ्यावे?

प्रश्न (महाल, नागपूर)
मी वायरिंगची कामे करतो आणि दिवसभर दुचाकीवर फिरतो. सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेल्या घडीच्या चाकूचे पाते चार महिन्यांतच खिळ्यापाशी हलू लागले आणि काल वायर सोलताना ते मिटून माझ्या बोटाला लागले. रोज खिशात राहील असे टिकाऊ अवजार कोणते?

पहिले उत्तर
घेण्यापूर्वी पाते उघडून दोन बोटांनी आडवे हलवून पाहावे. जरासे डुगडुगले तरी परत ठेवावे. माझ्याकडे व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा, मिटल्यावर 91 मिलिमीटर लांबीचा चाकू आहे. त्याचे पोलाद साधारण 56 रॉकवेल (धातूच्या कडकपणाचे माप), म्हणजे मध्यम कडकपणाचे असल्यामुळे धार फार काळ टिकत नाही, परंतु ते सहसा गंजत नाही आणि घरच्या दगडावर पाच मिनिटांत धार परत येते, जे मला अतिकठीण पोलादापेक्षा सोयीचे वाटते. मात्र त्याच्या मोठ्या पात्याला लॉक, म्हणजे उघडलेले पाते आपोआप मिटू न देणारा अडसर, नसतो, म्हणून तुम्ही लॉकचाच घ्यावा. वायर सोलण्यासाठी मुळात स्ट्रिपर (वायरचे आवरण सोलण्याची पक्कड) वापरावा, चाकू नव्हे.

दुसरे उत्तर
सहमत. सोबत टॉर्च घेणार असाल तर मे महिन्यात, पारा 45 अंशांवर जातो तेव्हा, ती डिकीत ठेवू नये. माझ्या टॉर्चमधील सेल तेथेच पाझरले आणि स्प्रिंग हिरवी पडली.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. विमानाने जाताना चाकू जवळ ठेवता येतो का?

पहिले उत्तर
नाही. तो चेक-इन सामानातच टाकावा लागतो.