जमात पडताळणीत अ‍ॅफिनिटी टेस्ट हवी की नको?

(अनुसूचित जमातीचा दावा खरा आहे का, हे पडताळणी समिती तपासते. अर्जदाराला जमातीच्या चालीरीती, विधी, नाच विचारून त्याचं जमातीशी साम्य पाहणं म्हणजे अ‍ॅफिनिटी टेस्ट. खाली तिघांची टोपणनावांनी चर्चा.)

सातबारा: सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2023 रोजी ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की ही टेस्ट अंतिम कसोटी नव्हे. कागदांवर समितीचं समाधान झालं, तर दक्षता पथकाकडे (समितीसाठी प्रत्यक्ष चौकशी करणाऱ्यांकडे) प्रकरण पाठवायचीही गरज नाही. मग ती बंदच करा. कल्याणला वाढलेल्या पोराला जमातीचा कांबड नाच नि मर्तिकाचे विधी विचारायचे, उत्तर चुकलं की दावा फेटाळायचा! आजोबांची 1950 पूर्वीची, म्हणजे जमातींची यादी होण्याआधीची नोंद समोर असताना हे का?

हरिश्चंद्रगड: नोंदीत नुसतं 'ठाकूर' असेल तर? आदिवासी नसलेले क्षत्रिय ठाकूर आणि भाट ठाकूरही तेच लिहितात. पूर्वी अनुसूचित जमातींच्या यादीत तालुके होते, तिथल्याच ठाकूरांना जमात मानत: अकोले, इगतपुरी, जुन्नर, शहापूर, मोखाडा वगैरे. 1976 च्या कायद्याने क्षेत्रबंधन उठलं आणि ती चाळणी गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या माधुरी पाटील प्रकरणातही (1994) दावा महादेव कोळीचा होता, वडिलांच्या शाळेतली नोंद 'हिंदू कोळी'. नामसाधर्म्याचा फायदा घेणाऱ्यांना अडवणार कोण?

दप्तरखाना: खरी गफलत कागद तपासण्यात होते. झेरॉक्स बघू नका, शाळेचं मूळ जनरल रजिस्टर मागवा. 'कोळी' पुढे वेगळ्या शाईत 'महादेव' दाबून बसवलेलं दिसतं, म्हणून त्याच पानावरच्या इतर नोंदींचं अक्षर ताडून पाहा. गाव नमुना 14 मध्ये (जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत) अनुक्रम आणि तारखांची ओळ तुटते का, हेही बघा. दुसरं म्हणजे वंशावळ. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता (समितीने दावा मान्य केल्याचं प्रमाणपत्र) असली की पुढच्यांना ती सहसा मिळते, म्हणून एक खोटी वैधता अख्ख्या भावकीत पसरते. पहिली वैधता चौकशी होऊन मिळाली होती का आणि नातं खरं आहे का, हे आधी तपासा. आडनाव सारखं, गाव वेगळं, अशी माणसं वंशावळीत घुसवली जातात.

सातबारा: हे सगळं कागदाचंच काम झालं. टेस्ट कुठे लागली?

हरिश्चंद्रगड: कागद मोघम असेल तिथे लागते. खोट्या दाव्याची किंमत कोण भरतं तेही बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालाने दावा अवैध ठरलेल्यांचे लाभ काढून घ्यायला सांगितले. राज्याने 21 डिसेंबर 2019 च्या निर्णयाने त्यांना अधिसंख्य (मंजूर पदांखेरीज जादा निर्माण केलेल्या) पदांवर ठेवलं. मोकळ्या झालेल्या जागांवर खऱ्या आदिवासींची भरती मात्र रखडत राहिली. टेस्ट राहू द्या, पण प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, जबाबाची प्रत अर्जदाराला द्या, आणि 'साम्य आढळत नाही' एवढ्यावर न थांबता कोणत्या उत्तरावरून, हे टेस्टवर अभिप्राय देणाऱ्या संशोधन अधिकाऱ्याने लिहावं.