बारावीचे अर्थशास्त्र: घरून मदत करताना माझेच चुकते आहे का?

प्रश्न: एक पालक, येवला तालुका

नमस्कार. माझी मुलगी यंदा कला शाखेतून बारावीला आहे आणि अर्थशास्त्र हा तिचा आवडता विषय आहे. मी स्वतः बारावी विज्ञान शाखेतून केली, नंतर शेतीत आलो आणि गेली अठरा वर्षे कांदा पिकवून विकतो आहे. त्यामुळे मागणी, पुरवठा आणि भाव या गोष्टी पुस्तकापेक्षा मीच तिला बऱ्या समजावून सांगू शकेन, अशी माझी समजूत होती. चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेने ती पुरती उतरवली. ‘कांदा महागला म्हणून कांद्याची मागणी घटली’ हे मी दिलेले उदाहरण तिने ‘मागणीतील ऱ्हास’ या संकल्पनेखाली लिहिले आणि त्याला गुण मिळाले नाहीत. आकृतीत किंमत आडव्या अक्षावर घ्यायलाही मीच सांगितले होते, कारण ज्याच्यामुळे बदल घडतो ते आडव्या अक्षावर घ्यायचे, असे आम्ही विज्ञानात शिकलो. तेथेही गुण गेले. आता ती म्हणते, “बाबा, तुम्ही राहू द्या.” ती रागाने म्हणाली नाही, तरी मला ते लागले. शिकवणी लावायची तर तालुक्याला जाण्यायेण्यातच दोन तास मोडतात. अशा वेळी पालकाने नेमकी कोणती मदत करावी आणि कोठे गप्प बसावे?

उत्तर १: कनिष्ठ महाविद्यालयातील निवृत्त शिक्षिका

आपले उदाहरण चुकलेले नाही, त्याला दिलेले नाव चुकले आहे. आणि बारावीच्या अर्थशास्त्रात निम्मी चूक अशी नावांतच होते. इतर गोष्टी तशाच राहून केवळ किमतीमुळे मागणी कमी झाली, तर तो ‘मागणीचा संकोच’ होय. ग्राहक त्याच मागणी वक्रावर, म्हणजे किंमत आणि मागणी यांचा संबंध दाखवणाऱ्या रेषेवर, वर सरकतो. किंमत तीच असताना उत्पन्न, आवडनिवड, पर्यायी वस्तूंच्या किमती यांसारख्या अन्य कारणांनी मागणी कमी झाली, तर तो ‘ऱ्हास’ आणि तेव्हा अख्खा वक्र डावीकडे जातो. बाजार समितीत दोन्हींना ‘मागणी नाही’ एवढेच म्हणतात, म्हणून अनुभवी माणूसच येथे हमखास अडकतो. अक्षांबद्दल मात्र आपली शंका रास्त आहे. किंमत हे कारण असूनही ती उभ्या अक्षावर आणि नगसंख्या आडव्या अक्षावर घेण्याचा प्रघात आल्फ्रेड मार्शल यांच्यापासून रूढ झाला. तो गणिताच्या रिवाजाविरुद्ध आहे, पण आता जगभर तोच चालतो. हे तिला सांगितलेत, तर आकृती पाठ करावी लागणार नाही.

आपल्या शेतातूनच तिला मिळू शकेल असा एक धडा सुचवते. ‘साठा’ आणि ‘पुरवठा’ यांतील फरक मुले वर्षभर घोकतात आणि परीक्षेत उलटा लिहितात. आपल्या चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या शेडमध्ये, ठेवलेला उन्हाळ कांदा हा साठा. त्यातील जेवढा कांदा ठरावीक काळात ठरावीक भावाला विकण्याची आपली तयारी असते, तेवढा पुरवठा. भाव वाढला की चाळीतून जास्त माल बाहेर निघतो, म्हणजे साठ्याचे रूपांतर पुरवठ्यात होते. कांदा नासू लागला की पडेल त्या भावाला काढावा लागतो आणि पुरवठ्याच्या नियमाला नाशवंत मालाचा अपवाद का सांगतात, तेही तेथेच कळते. मुलीला चाळीपाशी नेऊन हे तिच्याच तोंडून वदवून घ्यावे. आपण सांगू नये.

तसेच ‘उपयोगिता’ आणि ‘उपयुक्तता’. तंबाखूला उपयोगिता आहे, कारण ती खाणाऱ्याची गरज भागवते. उपयुक्तता नाही, कारण ती अपायकारक आहे. ‘सहमत की असहमत’ या प्रश्नात अशीच विधाने येतात आणि घरातील नैतिक चर्चेमुळे मुले चुकीची बाजू घेतात. महागाईचेही तेच. दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या नाहीत. त्या महागतच आहेत, फक्त कमी वेगाने. जेवताना बातम्या ऐकून ‘महागाई उतरली म्हणे, मग तेल का नाही उतरले?’ असे आपण चिडून म्हणतो. त्या वेळी तिला विचारा, ती उत्तर देईल.

उत्तर २: वाणिज्य शाखेतील मुलाची आई, पुणे

बाईंच्या मताशी मी सहमत आहे. मात्र पालकांनी उदाहरणापेक्षा कागद द्यावा, असे मला वाटते. आमच्याकडे मी विजेचे बिल मुलापुढे ठेवते. एकही युनिट वापरले नाही तरी लागणारा स्थिर आकार त्याला ‘स्थिर खर्च’ शिकवून गेला. १०० युनिटांची मर्यादा ओलांडली की सगळीच युनिटे महाग लागतात, असा आमच्या घरात पक्का समज होता. त्यानेच हिशेब करून दाखवले की पहिली १०० युनिटे जुन्याच दराने लागतात आणि पुढचीच तेवढी महाग पडतात. सरासरी आणि सीमान्त (म्हणजे पुढच्या एका युनिटामुळे वाढणाऱ्या) खर्चातील फरक त्याला त्या दिवशी समजला, आणि खरे सांगायचे तर मलाही. दुकानाच्या पावतीवर जीएसटी केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा विभागलेला दिसतो. सार्वजनिक वित्ताच्या प्रकरणासाठी ती पावती पुरेशी आहे.

उत्तर ३: गेल्या वर्षी बारावी झालेली विद्यार्थिनी

एक विनंती करते. प्रत्येक जेवणाचा तास करू नका. माझे बाबा भाजीवाल्यासमोरसुद्धा ‘ही कोणती लवचिकता?’ असे विचारत, आणि शेवटी मी बाजारात जाणेच सोडले. त्यांच्या एकाच मदतीचा मला खरा उपयोग झाला: मी सोडवलेल्या उत्तरात व्याख्या, आकृती, अक्षांची नावे आणि स्पष्टीकरण आहे की नाही, एवढेच ते तपासत. त्यासाठी त्यांना विषय येण्याची गरजच पडली नाही.

मूळ प्रश्नकर्ते

सर्वांचे आभार. तुमची उत्तरे मुलीला वाचायला दिली, तेव्हा शेवटचे उत्तर वाचून ती हसली. तिची एक शंका आहे आणि तिचे उत्तर मलाही देता आले नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि डिसेंबरात निर्यातबंदीच झाली. तेव्हा लासलगावात भाव पडले. मी म्हणतो, मागणी गेली. ती म्हणते, देशात पुरवठा वाढला. बरोबर कोण?

निवृत्त शिक्षिका

दोघेही, पण आधी बाजार कोणता ते ठरवावे लागेल. लासलगावच्या लिलावाची आकृती काढली, तर निर्यातदार खरेदीतून बाजूला झाल्यामुळे त्याच भावाला असलेली एकूण मागणी कमी झाली. हा ऱ्हास आहे आणि आपण चाचणीसाठी जो शब्द दिला होता, तो येथे अगदी चपखल बसतो. देशातील ग्राहकांच्या बाजाराची आकृती काढली, तर बाहेर जाणारा माल देशातच राहिल्याने पुरवठ्याचा वक्र उजवीकडे गेला, म्हणून मुलगीही बरोबर. दोन्ही आकृत्यांत भाव खालीच येतो.

तिला आणखी एक गणित द्या. भाव किलोला २० रुपयांवरून ४० झाला आणि एका घरातील महिन्याची खरेदी ५ किलोवरून ४ किलोवर आली. किंमत १०० टक्के वाढली, मागणी मात्र २० टक्केच घटली, म्हणून लवचिकता, म्हणजे किमतीच्या बदलाच्या मानाने मागणी किती बदलते ते प्रमाण, ०.२ आली. ही कमी लवचीक मागणी. त्या घराचा कांद्यावरील खर्च १०० रुपयांवरून १६० वर गेला, म्हणजे एकूण खर्च पद्धतीनेही तेच उत्तर येते. आता हेच उलट्या बाजूने, भाव ४० वरून २० वर आल्यावर, शेतकऱ्याच्या हातातील रकमेचे काय होते, ते तिने आपल्याला समजावून सांगावे. भाव पडल्यावर गिऱ्हाईक त्या प्रमाणात जास्त कांदा का नेत नाही, हे आपण तिच्याहून जास्त वेळा पाहिले आहे.