इंग्लंडचे मठ आतून पोखरले होते, की ते पाडले गेले?

धागालेखक: पाथेय

इंग्लंडमध्ये १५३६ ते १५४० या काळात आठशेच्या आसपास मठ बंद झाले आणि त्याचे सारे खापर आठव्या हेन्रीच्या धनलोभावर फोडले जाते. राजाचा लोभ मला नाकारायचा नाही, परंतु ज्या नियमासाठी हे मठ उभे राहिले तो नियम त्यांनी स्वतःच आधी सैल केला होता, असे माझे मत आहे. मठवासीयांसाठी हा नियम घालून देणाऱ्या संत बेनेडिक्टने आजारी व अशक्त सोडून इतरांना चतुष्पाद प्राण्यांचे मांस वर्ज्य ठरवले होते. पुढे ते भोजनशाळेत न खाता वेगळ्या दालनात खाल्ले की नियम पाळला गेला असे मानले जाऊ लागले, आणि १३३६ मध्ये पोपनेही ठरावीक दिवसांपुरती त्याला मान्यता दिली. एकरकमी पैसे घेऊन बाहेरच्या माणसाला मरेपर्यंत मठात अन्न आणि निवारा देण्याचे करारही होत असत. ज्याला व्यवहार म्हणतात तोच हा. याला वैराग्य कसे म्हणावे?

प्रतिसाद: शिलालेख

मठांच्या अधोगतीचे आपले बहुतेक ज्ञान बिशपांच्या तपासणीच्या नोंदींतून येते, हे आपण लक्षात घ्यावे. बिशप मठातील प्रत्येकाला एकेकट्याने विचारत असे. ज्याची तक्रार असेल त्याचा जबाब सविस्तर उतरवला जाई आणि ‘सारे ठीक आहे’ म्हणणाऱ्याचा एका ओळीत संपे. अशा दप्तरातून मठाचे रोजचे आयुष्य कसे कळणार? शिवाय वर्षाला २०० पौंडांहून कमी उत्पन्न असलेले मठ बंद करणाऱ्या १५३६च्या कायद्याच्या प्रस्तावनेतच मोठ्या मठांत धर्माचरण उत्तम चालते असे म्हटले आहे. चार वर्षांत तेही उरले नाहीत. पाप उत्पन्नाच्या आकड्यावरून मोजता येते काय?

आणि लंडनमधील कार्थुसियन या संन्यासी पंथाच्या मठाचे प्रमुख जॉन हॉटन यांना कसे विसरता येईल? राजा हा चर्चचा प्रमुख आहे हे मान्य न केल्यामुळे ४ मे १५३५ रोजी त्यांना टायबर्न येथे मृत्युदंड दिला गेला. त्यांच्या मठातील काही जण पुढे न्यूगेटच्या तुरुंगात साखळदंडांत उपासमारीने मेले. पोखरलेल्या भिंतीत अशी माणसे निपजत नाहीत.

प्रतिसाद: पाथेय

हॉटन यांच्यापुढे मीही नतमस्तक आहे. मात्र कार्थुसियनांचे इंग्लंडभर अवघे नऊ मठ होते, आणि प्रत्येकाने स्वतंत्र खोलीत एकांतात राहण्याची त्यांची रीत इतरांहून वेगळी होती. बाकीच्या बहुतेकांनी राजाला चर्चचा प्रमुख मानण्याची शपथ घेतली व पुढे निवृत्तिवेतन स्वीकारून मठ सोडले.

प्रतिसाद: मंजिरी_वा

निवृत्तिवेतन स्वीकारले, हे वाक्य फार सहज लिहिले गेले आहे. ज्यांनी ते स्वीकारले त्यांना दुसरी बाजूही दिसत होती: नोव्हेंबर १५३९ मध्ये ग्लास्टनबरीचे वृद्ध मठाधिपती रिचर्ड व्हाइटिंग यांना त्यांच्याच मठाजवळच्या टेकडीवर फाशी दिले गेले. मठ सुटलेला पुरुष निदान एखाद्या गावी पाद्री म्हणून जाऊ शकत होता. स्त्रियांना ती वाट नव्हती. बहुतेकींच्या हाती तुटपुंजे वेतन आले, आणि १५३९च्या सहा कलमांच्या कायद्याने त्यांचे ब्रह्मचर्याचे व्रत बंधनकारकच ठेवले. म्हणजे मठ गेला, पण लग्न करून संसार थाटण्याची मोकळीक मिळाली नाही. त्या स्त्रियांपैकी किती जणींनी नियम सैल केला होता, याचा हिशेब आपल्या दोघांच्याही मांडणीत मला दिसला नाही.