मदत हवी आहे: जुलैच्या वाऱ्यात निगडी–लोणावळा राइड कशी आखावी?

पायडल_पुणेकर:
रविवारी जुन्या हायवेने निगडी–लोणावळा–निगडी करायचंय. एका बाजूला चाळीसेक किमी. रोड बाइक, २८ मिमी टायर, रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर दाबणारे). वारा नसेल तर सरासरी २० पडते. अकरापर्यंत घरी पोचायला हवं. अ‍ॅपमध्ये आठवडाभर तोच ढग नि तेच तीन थेंब. वारा एका अ‍ॅपवर ७, दुसऱ्यावर २५. खरं कुठलं? की पाऊस कमी म्हणून सासवड-जेजुरी बरं?

उलटा_वारा:
दोन्ही खरे आहेत :) ७ हा मीटर प्रति सेकंद आहे, ३.६ ने गुणा, २५ किमी प्रति तास येतो. सेटिंगमध्ये एकक एकदाच बदलून टाका. नॉट असेल तर १.८५ ने गुणा.

थेंबांचं चित्र सोडा, तासागणिक तक्ता उघडा. त्यात वाऱ्याची दिशा, सरासरी आणि झोत (गस्ट) बघा. 'पश्चिम' किंवा २७० अंश म्हणजे वारा पश्चिमेकडून येतोय. बाण मात्र बहुतेक अ‍ॅप तो जातो तिकडे दाखवतात, इथेच बरेच जण फसतात. हा अंदाज जमिनीपासून १० मीटर उंचीचा असतो. रस्त्यावर झाडं-घरं असतील तिथे वारा कमी लागेल, कामशेतच्या पुढे उघड्या शेतांजवळ जवळजवळ पूर्ण.

माझ्या मते सरासरी २५ आणि झोत ४० च्या वर असतील तर हा रस्ता नको. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर विषयच संपला.

सासवड नको. जुलैत वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना तो ढकलणार आणि दमल्यावर परतीला तोंडावर येणार.

पायडल_पुणेकर:
लोणावळ्याहून येताना वारा पाठीशी, म्हणजे एकूण वेळ तेवढाच ना?

घाटमाथा:
नाही. वारा नसताना २० ने जाऊन-येऊन ४ तास. आता जाताना १५ आणि येताना २४ धरा: २ तास ४० मिनिटं अधिक १ तास ४० मिनिटं, म्हणजे ४:२०. मंद भागातच जास्त वेळ जातो, त्यामुळे भरपाई पूर्ण होत नाही. शिवाय १५ च्या समोरच्या वाऱ्यात हट्टाने २५ चा वेग धरला तर हवा ४० ने अंगावर येते, विरोध अडीच पटीवर जातो. गिअर हलका करा, वेग पडू द्या.

साडेपाचला निघा. अंधार असतो, पुढचा-मागचा दिवा लागेल. पहाटे वारा पडलेला असतो. ऊन तापलं की वरचा जोरकस वारा खाली मिसळतो. ढगाळ दिवशी हा फरक कमी.

परतायचं ठिकाण ठरवू नका, वेळ ठरवा. सव्वाआठला लोणावळ्याच्या अलीकडे कार्ल्यात असाल तरी वळा. पंक्चर आणि चहा धरूनही अकराच्या आत याल.

रिम_आणि_रबर:
सामानाचं बघा. पोंचो नको, त्याचं शीड होतं. अंगाला बसणारं जॅकेट घाला. हँडलबारवरची बॅग घरी ठेवा, आडव्या वाऱ्यात पुढचं चाक ओढते. ट्रक शेजारून जाताना वारा क्षणभर अडतो आणि तो गेला की एकदम आदळतो. त्या वेळी हँडल घट्ट आवळू नका, कोपर सैल सोडा. रस्त्याच्या अगदी कडेलाही चिकटू नका. तिथे सरकायला जागा उरत नाही, आणि पांढरा पट्टा ओला झाला की निसरडा.

टायरमध्ये नेहमीपेक्षा ५ ते १० पीएसआय कमी हवा. ओल्या रिमवर ब्रेक लगेच धरत नाही. चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या पाणी पुसण्यातच जातात. उतारावर आधीच हलका ब्रेक लावून रिम पुसून घ्या. ब्रेकच्या पॅडमध्ये चमकणारा कण दिसला तर टाचणीने काढा, नाहीतर तो रिम खरवडतो. घरी आल्यावर चेन आधी पुसा, मगच ऑइल: प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं पुसून टाका. ओल्या चेनवर ऑइल ओतलं की चिखलाची पेस्ट होते.

पायडल_पुणेकर:
एकक बदललं. रविवारी ६ ते ९ पश्चिम १८, झोत ३०. निघतो.