बोकडाच्या मटणाचं स्टेक बिडाच्या तव्यावर जमन का? वरून सांबार (कोथिंबीर) अन् लसणाचं लोणी टाकाचं हाये

वावरातला_खवय्या (मोर्शी तालुका)

राजेहो, एक सल्ला पायजे. बायकोनं मोबाईलवर त्या स्टेकच्या रीला पाहून ठेवल्या हायेत, दोन बोटं जाड तुकडा, काळ्या तव्यावर चर्र आवाज, लसणाचं बटर चमच्या-चमच्यानं वरून सोडत राह्यतात अन् मंग सुरी अशी अलगद जाते की चावाची गरजच नाई. रविवारी पाहुणे येऊन राह्यले अन् तिचं म्हणणं, रस्सा सगळेच करतात, आपण हे करू. तिकडचे लोकं ते बीफचं करतात हे मले माहीत हाये, आपल्या राज्यात २०१५ पासून गाय-बैल दोन्ही कापाले बंदी हाये अन् आमच्या घरी तसंही बोकडाशिवाय काही शिजत नाई, म्हणून तो विषय इथं कोणी काढू नका जी.

विचाराचं एवढंच की बोकडाचं असं होते का? आमचा खाटीक एकच प्रश्न विचारते, एक किलो का दीड, अन् सपासप बारीक तुकडे करून पिशवीत टाकते, त्याले नेमका कोणता भाग मागाचा? कुकर नाई लावला तं चामट नाई का राहणार? घरी म्हशीचं लोणी निघते ते चालन का पाकिटातलं बटर आणाचं? अन् घाणीचं जवसाचं तेल हाये, ते तव्यावर टाकू का? ओव्हन नाई. फ्रिज हाये, लाईन असली तं.

तवा_मास्तर (नागपूर, हॉटेल लाईन)

होते ना भौ, मस्त होते. फक्त एक आधी समजून घे, बटरनं मटण नरम होत नाई. नरम होते ते तू भाग कोणता घेतला, किती मुरू दिला अन् तव्यावरून कधी उतरवला याच्यावर. बटर हाये चवीसाठी. बीफच्या भारी तुकड्यात चरबीच्या बारीक रेषा मांसाच्या आतच असतात, तव्यावर त्या वितळतात अन् म्हणून ते एवढं रिच लागते. बोकडाची चरबी आत नसते, ती गुर्द्याभोवती अन् पोटात, मांस कोरडंच. म्हणजे बोकडाले बटरची गरज बीफपेक्षा जास्तच हाये, पण मटणच चुकीचं आणलं तं वरून पावभर लोणी ओतून बी काही फरक पडत नाई.

पाठीचा भाग माग. खाटकाले सांग चाप पायजे पण तोडू नको, अख्खी पट्टी हाडासकट दे. घरी धारदार सुरीनं दोन-दोन हाडं एकत्र ठेवून जाड चाप काढ, एकेक हाडाचा पातळ चाप घेतला तं वरचा रंग येईपर्यंत आतलं सुकून जाते. बिनहाडाचंच पायजे असन तं पुठ्ठ्याचा (मांगच्या मांडीचा) गोळा घे अन् मांसाच्या धाग्याच्या आडवे, इंचभर जाडीचे काप कर. नळी, खांदा, मान हे जनावराचे दिवसभर राबणारे भाग, त्यात ते चिवट कोलॅजेन असते ते तासभर हळूहळू शिजल्याबिगर विरघळत नाई, ते स्टेकले नको. आणखीन एक, मांसावर जी पांढरी पातळ झिल्ली असते ती सोलून काढ. ती वितळत नाई, गरम झाली की आखडते अन् तुकडा वाटीसारखा वाकडा होते, मंग मधातला भाग तव्याले टेकतच नाई.

मीठ रात्रीच लावून ठेव, किलोले दहा-एक ग्रॅम. मीठ आधी पाणी बाहेर ओढते अन् मंग तेच खारं पाणी हळूहळू आत जाते, त्याले वेळ द्या लागते. जमलं नाई तं डायरेक्ट तव्यावर टाकाच्या टायमाले लाव. दहा-पंधरा मिनिटं आधी लावलं तं सगळ्यात वाईट, पाणी वर येऊन बसते अन् मटण भाजल्या जाच्या ऐवजी वाफाळते. तव्यावर टाकाच्या आधी फडक्यानं चांगलं कोरडं कर, ओल्या मटणाले तो तांबूस रंग येत नाई कारण पाणी असेपर्यंत वरचं टेम्परेचर शंभरच्या पुढं सरकत नाई अन् रंगाले दीडशेच्या आसपास पायजे.

जवसाचं तेल तव्यावर टाकू नको भौ. घाणीचं जवस तेल शंभरीच्या जरासं वर गेलं की धूर सोडते अन् कडू होते. सोयाबीन रिफाईंड घे, शेंगदाण्याचं रिफाईंड घे, नाई तं तूप, तूप बी लय उष्णता सहन करते. बिडाचा तवा तं सोनं हाये, पाच-सात मिनिटं रिकामा तापू दे. एका वेळी तीन-चारच चाप टाक, गर्दी केली की तवा थंड पडते. मिनिटा-मिनिटाले पलटवत राह्य, इंचभर जाडीले एकूण सहा-सात मिनिटं. शेवटच्या मिनिटाले गॅस बारीक करून चमचाभर लोणी अन् दोन ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या सोड अन् तवा कलता करून ते वरून टाकत राह्य. लोणी सुरुवातीले टाकलं तं त्यातला दुधाचा अंश काळा पडते. तुझं मसाल्याचं बटर तव्यावर जाऊच देऊ नको, उतरवल्यावर ताटात वरून ठेवाचं. पाच मिनिटं तसंच राहू दे, कापाची घाई नको.

तर्रीबाज_अकोला

एवढा कुटाणा कायले? चाप कुकरात दोन शिट्ट्या देऊन काढ, तव्यावर परत, झालं स्टेक. अन् तवा कडक पायजे हे बरोबर, त्यानं रस आत लॉक होते.

तवा_मास्तर

काका, ते चाप फ्राय झालं, चांगलंच लागते, मी बी खातो, पण चव वेगळी, मटणाचा सगळा अर्क कुकरच्या पाण्यात जाते. अन् रस लॉक होते ही लय जुनी समजूत हाये, १९व्या शतकात लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं पसरवली अन् मांगून खोटी निघाली. तुम्हीच पाहा नं, कडक भाजलेला तुकडा बी ताटात रस सोडतेच. कडक तवा रंगासाठी अन् चवीसाठी.

गोठा_ते_ताट (पशुवैद्यक, यवतमाळ जिल्हा)

वरचं सगळं बरोबर आहे, पण गावाकडे खरी अडचण वेगळीच असते आणि ती कोणी बोललं नाही. आपण सकाळी सहाला कापलेलं मटण अकराला शिजवतो. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात, एकदम ताठ होतात, आणि तो ताठरपणा सुटायला एखाद-दोन दिवस लागतात. रश्श्यात हे लपून जातं कारण आपण तासभर शिजवतो, सात मिनिटांच्या स्टेकमधे लपायला जागाच नाही. म्हणून रविवारचा बेत असेल तर शुक्रवारी घ्या. अख्खी पट्टी हाडासकट घ्या असं मास्तर म्हणाले त्याचा हा दुसरा फायदा, हाडाला धरलेला स्नायू आखडताना कमी आकसतो. छोटे तुकडे करून कोमट असतानाच फ्रीझरमधे कोंबलं तर सगळ्यात चामट होतं, त्याला थंडीनं आकसणं म्हणतात. फ्रीझर नको, खालच्या थंड कप्प्यात, ताटलीवर जाळी ठेवून उघडं ठेवा. लाईन जात असेल तर थर्माकोलचा डबा आणि बर्फ तयार ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो, तेव्हा खाटकाकडून घरी आणतानाही मटणाला बर्फ पाहिजे, ओट्यावर तासभरही ठेवू नका.

बोकड शक्यतो वर्षाच्या आतला बघा, आपल्या बेरारी जातीचा असला तरी चालेल, वय महत्त्वाचं. म्हातारी शेळी स्टेकला अजिबात नको, खाटीक ओळखीचा असेल तर खरं सांगतो.

वावरातला_खवय्या

डॉक्टर साहेब, मास्तर, लय धन्यवाद. दोन शंका. कच्ची पपई लावली तं शुक्रवारची भानगड टळन का? बागेत झाड हाये. अन् आतून लालसर ठेवाचं का पूर्ण शिजवाचं, कारण आमच्या घरी लाल दिसलं की कोणी हात लावत नाई, अन् वहिनी पोटुशी हायेत.

गोठा_ते_ताट

वहिनींना लालसर अजिबात देऊ नका, अर्धकच्च्या मटणातून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला घातक असतो. त्यांचा चाप पूर्ण शिजवा, सरळ तर्रीबाज काकांच्या पद्धतीनं कुकरमधून काढून मग तव्यावर परता. बाकीच्यांसाठी सुई टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्या, ऑनलाईन मिळतो. मधोमध ६३ अंश आणि उतरवल्यावर तीन मिनिटं थांबणं, हा अमेरिकेच्या कृषी खात्याचा अख्ख्या तुकड्यांसाठीचा नियम आहे, बोकडालाही लागू. तिथं आतून फिकट गुलाबी असतं. ६८-७० ला गुलाबीपणा जवळजवळ जातो आणि अजून रस असतो, तुमच्या घरी तेवढ्यावर उतरवा. त्याच्या पुढे गेलात की कोरडं.

पपईचं सांगतो. तिच्यातला पपेन (मांसातली प्रथिनं तोडणारा घटक) वरच्या दोन-चार मिलिमीटरपर्यंतच पोचतो आणि तापताना, साठ-सत्तर अंशाला, जास्त जोरात काम करतो. रात्रभर लावली तर वरून लगदा आणि आतून तसंच ताठ. शुक्रवार चुकलाच तर चमचाभर वाटण अर्धा तास लावून पुसून काढा, यापेक्षा जास्त आशा ठेवू नका.

संत्राबागवाली (वरुड)

बटरचं मी सांगते कारण पुरुष मंडळींनी ते एका ओळीत गुंडाळलं 😄

घरचं लोणी एकदम चालेल भाऊ, फक्त थंड पाण्यात पाणी निवळ निघेपर्यंत धुवा, ताक राहिलं तर आंबूस लागतं आणि लवकर खराब होतं. पाकिटातल्या बटरमधे मीठ आधीच असतं, ते घेतलं तर वरून मीठ टाकू नका. फ्रेंच लोकांचं साधं स्टेक बटर म्हणजे पार्सली आणि लिंबाचा रस, बस, आपण पार्सलीच्या जागी सांबार घ्यायचा. शंभर ग्रॅम मऊ लोणी, वितळलेलं नाही, बोटानं दाबलं की दबलं पाहिजे. मूठभर सांबार बारीक चिरून, पण धुतल्यावर पूर्ण कोरडा करून, नाहीतर पाणी वेगळं होतं. लसणाच्या तीन-चार पाकळ्या आधी तुपात मंद परतून मग ठेचा, कच्चा लसूण खूप उग्र होतो. भिवापुरी मिरची कोरडी भाजून जाडसर कुटून अर्धा चमचा, मिरे, मीठ. आणि तुम्ही मोर्शीचे आहात म्हणून सांगते, संत्र्याची साल किसणीवर किसून टाका, फक्त वरचा नारंगी भाग, पांढरा आला की कडू. मटणाच्या चरबीला त्यानं जी चव येते नं, आमच्याकडे आंबिया बहाराची संत्री असली की मी लिंबू टाकतच नाही. साओजी मसाला बटरमधे नको, मी एकीकडे खाल्लंय, मसाला कच्चा लागतो आणि बाकी सगळं दबून जातं.

प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून वळकटी करा, फ्रीझरमधे घट्ट होऊ द्या, वाढताना अर्ध्या बोटाच्या चकत्या कापा. लसणाचं लोणी बाहेर ठेवू नका, फ्रिजमधे तीन-चार दिवस, त्यापेक्षा जास्त ठेवायचं तर फ्रीझरमधेच.

तर्रीबाज_अकोला

बरं, जवस तेलाचं मले सांगा, साओजीत तं तेच लागते, मंग इथं काहून नाई?

तवा_मास्तर

काका, रश्श्यात मसाला अन् पाणी असते, तेल तव्यासारखं कोरडं तापत नाई. इथं उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चं टाका, वास मस्त येते, पण मंग ताईंचं संत्र्याचं बटर नको, दोन्ही एका ताटात भांडतात.

वावरातला_खवय्या

ताई, हे भारीच. मृग बहाराची अजून झाडावर हायेत चार-दोन. शेवटचा प्रश्न, पाहुण्यांत दोघं माळकरी हायेत, त्यांच्यासाठी काय?

संत्राबागवाली

भाऊ त्यांचा लसूण चालत नसेल तर आधी विचारून घ्या आणि बिनलसणाची एक छोटी वळकटी वेगळी करा. वांग्याचे जाड काप मीठ लावून, पुसून भाजा आणि वरून चकती ठेवा, पनीरपेक्षा वांगं चांगलं लागतं. तवा मात्र वेगळा घ्या, आणि त्यांचं आधी भाजा.