व्हिस्कीच्या पिंपातली कॉफी आणि माळकरी आबा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. घर पक्कं चहाचं. मला मात्र बंगळुरात दोन वर्षं नोकरी केली तेव्हापासून फिल्टर कॉफीचा नाद लागलाय.

मागच्या आठवड्यात तिथल्या मित्राने चिकमगळूरच्या अरेबिका बिया पाठवल्या, पाव किलो. व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात मुरवून मग भाजलेल्या. पुडी फोडली आणि घरभर वास! ओलं लाकूड, व्हॅनिला, काळ्या मनुका, आणि मागून गुऱ्हाळातल्या काकवीसारखं काहीतरी. आबा देवघरातून उठून आले, "कसला रं वास?" म्हणत अर्धा कप प्यायले. "बेस हाय की."

नंतर त्यांनी पुडीवरचं पिंपाचं चित्र बघितलं. विचारल्यावर खोटं बोलवेना. आबा माळकरी, दर आषाढीला पायी पंढरपूर. "माळ असताना दारू पाजलीस व्हय?" तेव्हापासून जेवायला वाढण्यापुरतंच बोलतात.

यात खरंच दारू असते का? आणि एवढा भारी वास स्टीलच्या फिल्टरमध्ये, दूध घातल्यावर कुठे जातो? दुसऱ्या दिवसापासून तर साध्या कॉफीत आणि यात मला फरकच कळेना. लोक या कॉफीला एवढे पैसे मोजतात ते नक्की कशाचे?

प्रतिसाद १
पिंपात दारू नसते, लाकडात मुरलेला अंश असतो. कच्च्या हिरव्या बिया काही आठवडे त्यात ठेवतात, पिंप अधूनमधून फिरवतात, बिया ओल आणि वास ओढून घेतात. (मॉन्सून्ड मलबार नावाच्या कॉफीचंही तेच, फक्त तिथे किनाऱ्यावरची पावसाळी हवा.) मग भाजणी २०० अंशांच्या आसपास. अल्कोहोल ७८ ला उकळतं, त्यामुळे कपात नावालाही उरत नाही म्हटलं तरी चालेल. मात्र काहीजण भाजल्यानंतर बियांवर अर्क मारतात, त्याची हमी मी देणार नाही. पुडी नीट वाचा.

आणि तुम्हाला आलेला वास निम्मा व्हिस्कीचा नाहीच, ओकचा आहे. अमेरिकेत बर्बन (तिथली मक्याची व्हिस्की) नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवायची असा कायदा आहे. म्हणजे एकदा वापरलेलं पिंप त्यांना बर्बनसाठी पुन्हा चालत नाही. मग ते स्कॉटलंडला जातं, रमवाल्यांकडे जातं, आता कॉफीवाल्यांकडेही. जळलेल्या ओकमधूनच व्हॅनिलाचा वास येतो.

प्रतिसाद २
भावा, ते ७८ अंश ठेव बाजूला. पांढऱ्या रश्श्याचं पातेलं राखेने चारदा घासून त्यात आबांना आमटी केलीस तर खातील? या कॉफीची सगळी गंमत भांड्याच्या आठवणीची आहे. तुला ती पाहिजे, त्यांना नको. त्यांचं काय चुकलं?

आता तुझी कॉफी. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) मिसळलीस ना? चिकोरी आणि दुधाखाली असले वास दबतात. फ्रेंच प्रेसमध्ये (जाळीचा दट्ट्या असलेलं काचेचं भांडं) १५ ग्रॅम जाडसर पूड, उकळी बसलेलं पाव लिटर पाणी, चार मिनिटं. साखर न घालता कोमट होऊ दे, मनुका तेव्हा लागतात. आणि पुडी कुठे ठेवलीस? कांदा-लसूण चटणीच्या बरणीशेजारी नाही ना?

धागाकर्ता
बरणीशेजारीच होती! भाजलेली कॉफीसुद्धा शेजारच्याचा वास ओढते हे डोक्यातच आलं नाही. आता घट्ट झाकणाच्या डब्यात, वेगळ्या कपाटात. चिकोरीही निम्मी होती, कबूल.

काल आबांना भाजणीचं सगळं सांगितलं, ऐकून घेतलं नाही. पातेल्याचं बोललो तर म्हणाले, "आता कसं बोललास." पिणार नाहीत. पण सकाळी मी डबा उघडला तर पेपर घेऊन स्वयंपाकघरातच येऊन बसले.

फ्रेंच प्रेस कोल्हापुरात कुठे दुकानात बघून घेता येईल का, की ऑनलाइनच मागवू?