एसटीतून निवृत्ती, पेन्शनवर घर चालेल का? सल्ला हवा

कोरेगावकर
वडील एसटीत वाहक, मार्चमध्ये ५८ पूर्ण. नोकरी २७ वर्षं, १९९९ पासून. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून २० लाख येतील. घरखर्च १८,००० रुपये, घर स्वतःचं. पेन्शन ६,२०० धरली आहे. बाकी पैसे कुठे ठेवावेत?

निवृत्त_लेखापाल
अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं) ४० टक्के घ्या. ५८ ला निवृत्त होणाऱ्याला ही रक्कम काढायचा गुणक ८.३७१ मिळतो आणि १५ वर्षांनी पूर्ण पेन्शन परत सुरू होते. आम्ही सगळ्यांनी तेच केलं.

पीएफवाला
साहेब, ते राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं. एसटीला ईपीएस-९५ (पीएफ कार्यालयाची कर्मचारी पेन्शन योजना) लागू आहे. त्यात महागाई भत्ता नाही, आज बसलेला आकडा पुढेही तोच राहतो.

कोरेगावकर, ६,२०० मिळणार नाहीत. तुम्ही पेन्शनसाठी धरतात ती पगाराची कमाल मर्यादा घेऊन १५,००० × २९ ÷ ७० केलंय (२० वर्षांवर नोकरी म्हणून २ वर्षं जादा, ते बरोबर). पण ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेला ६,५०० चीच मर्यादा धरतात. १५ वर्षांचे १,३९३, नंतरच्या १२ अधिक २ वर्षांचे ३,०००. म्हणजे साधारण ४,४०० धरून चला.

जुनी_पेन्शन_हवीच
म्हणूनच जुनी पेन्शन सगळ्यांना द्या! एनपीएसवाल्यांचेही (नव्या पेन्शन योजनेतल्यांचेही) हेच हाल.

वाईची_सून
पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख टाका, ८.२ टक्के आहे. तिमाहीला ६१,५०० येतात.

पीएफवाला
ताई, त्यांच्याकडे २० च आहेत. योजना मात्र योग्य. १५ लाखांवर तिमाहीला ३०,७५०, म्हणजे महिन्याला १०,२५०. ६० च्या आत खातं उघडायचं तर निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांत उघडा आणि महामंडळाचा दाखला जोडा. मुदत चुकली तर ६० पर्यंत थांबावं लागतं. आईचं वय कमी असलं तरी संयुक्त नाव चालतं.

शेअरदादा
५८ ला पेन्शन घेऊच नका, ६० ला घ्या. वर्षाला ४ टक्के वाढते.

पीएफवाला
हिशोब करा. २४ महिन्यांचे १,०५,६०० सोडून महिन्याला साडेतीनशे वाढतील. भरपाईला २५ वर्षं लागतात. ज्यांचा पगार चालू आहे त्यांनीच हा विचार करावा.

पतसंस्था_सभासद
आमच्या पतसंस्थेत १० टक्के देतात, मी सगळं तिथेच ठेवलंय.

निवृत्त_लेखापाल
बँक ठेवींना ५ लाखांचं विमासंरक्षण असतं, पतसंस्थेला नाही. निवृत्तीचा पैसा तिथे नको.

वाईची_सून
मी तेच म्हणते, पोस्टच बरं. मासिक उत्पन्न योजनाही आहे, ७.४ टक्के. ३ लाखांवर १,८५०.

पीएफवाला
४,४०० + १०,२५० + १,८५० = १६,५००. उरलेले २ लाख बँकेत हाताशी ठेवा, दवाखान्यासाठी. महात्मा फुले योजना ५ लाखांपर्यंत उपचार देते, पण रोजच्या औषधांचे पैसे खिशातूनच. म्हणजे १८,००० लाही दीड हजार कमी पडतात, आणि व्याज पूर्ण खाल्लं तर मुद्दल वाढत नाही. महागाई ६ टक्के राहिली तर हाच खर्च १२ वर्षांत ३६,००० होईल. वडिलांनी ३-४ वर्षं अर्धवेळ काम करावं, असं मनापासून वाटतं.

फॉर्म १०-डी (पेन्शनचा अर्ज) आधी बघा. आधार, पीएफ खातं आणि पासबुकावरच्या नावात एक अक्षर वेगळं असलं तरी अर्ज परत येतो. जन्मतारीख आणि नोकरी सोडल्याची तारीख दोन्ही तपासा. पतिपत्नीचा एकत्र फोटो लागतो.

कोरेगावकर
सगळ्यांचे आभार. घरी बोललो. वडील ८ लाख गावच्या विहिरीला आणि ठिबकला घालणार, १२ लाख पोस्टात. पेन्शन ५८ लाच. अर्धवेळ नोकरी नको म्हणतात, शेतीच करायची आहे.

वाईची_सून
ठिबकच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर (सरकारी योजनांचं संकेतस्थळ) करा. पूर्वसंमती येण्याआधी संच विकत घेतला तर अनुदान मिळत नाही.